गच्ची, पाहा: कडी

माझ्या पुस्तकात गच्ची नाही, असं डॉक्टर फोनवर म्हणाले तेव्हा मला क्षणभर काहीच कळेना. दुपारचे बारा वाजून गेले होते, टेबलावरच्या चहावर साय धरली होती. "सूचीचं दुसरं पान काढा," ते म्हणाले, "आणि ग बघा. 'गच्ची, पाहा: कडी.' बरं, म्हटलं, पाहू. क मध्ये गेलो. तिथं कडी नाही. अहो, मी मनावर पुस्तक लिहिलंय, घरबांधणीवर नाही." मी हसलो. फोनवर हसायचं एक बरं असतं, चेहऱ्याला कष्ट पडत नाहीत. प्रूफ पुढे ओढलं. होती नोंद. वर 'खिळलेल्या कल्पना', खाली 'गुंगी, कृत्रिम', आणि मधे ही, चुकून दुसऱ्याच्या लग्नाच्या फोटोत उभं राहिलेल्या माणसासारखी. टाईपिंगची चूक दिसतेय, असं मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "दिसतेय खरी," आणि फोन ठेवला. ठेवण्याआधी ते जरा थांबले. ते थांबणं मला आवडलं नाही.

आमच्या धंद्यात याला आंधळी नोंद म्हणतात. वाचकाला बोट दाखवून एका दाराशी पाठवायचं आणि दारामागे घरच नसायचं. एकोणतीस वर्षं मी पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर बसून आहे. प्रकाशक बदलले, पुस्तकं लिहिणारे आले आणि गेले, मी आपला एका खोलीत, खिडकीकडे पाठ करून, एकेका शब्दाला एकेक कार्ड करत राहिलो. एवढ्या वर्षांत माझ्या हातून तीन आंधळ्या नोंदी गेल्या. तिन्ही मला तोंडपाठ आहेत. मुलीच्या शाळेतले मार्क एवढे पाठ नाहीत. ही चौथी, आणि ही मी केलेली नव्हती. म्हणजे कुणीतरी केली होती. आमच्याकडे सूचीला हात लागणारी माणसं तीन, त्यातला एक मी.

पहिला संशय साहजिकच समोरच्या टेबलावर गेला. तिथं आमचा मुद्रितशोधक बसतो. त्याला सगळे स्वल्पविराम म्हणतात, कारण तो प्रत्येक वाक्यात मधे कुठेतरी थांबतो, ओठ ओले करतो, आणि मग उरलेलं सांगतो. हा माणूस दिसतो तेवढा साधा नाही. मागे एकदा कुठल्याशा सेनापतीच्या चरित्राच्या कार्डांत त्यानं 'सूचीकार, त्याचा ताठा, पृ. सर्वत्र' असं कार्ड सरकवून दिलं होतं, आणि मी ते काढून फाडेपर्यंत प्रुफात डोकं खुपसून खांदे हलवत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानंही माझ्याकडे बघितलं. "काय झालं?" तो म्हणाला. "काही नाही." "काही नाही म्हणणाऱ्याला," तो थांबला, ओठ ओले केले, "बरंच काही झालेलं असतं." ज्यानं केलेलं असतं तो पहिल्यांदा असंच बोलतो. पण ज्यानं काहीच केलेलं नसतं तोही असंच बोलतो, हीच पंचाईत आहे.

टाईपिंगवाल्या बाई आतल्या खोलीत बसतात. त्यांना मी नोंद दाखवली तर त्या फणकारल्या. "मी काय मनानं टाईप करते होय? कार्डावर असेल ते मारते. मी वाचत नाही हो. वाचत असते तर एवढ्या वर्षांत मीच डॉक्टर झाले असते." त्यांनी कार्डांचा खोका खाली ओढला, ग चा गठ्ठा सोडला आणि पत्ते पिसणाऱ्यासारखी बोटं चालवत एक कार्ड माझ्यापुढे आपटलं. "हे घ्या. कुणाचं अक्षर आहे?" अक्षर माझं होतं. च ला च मी असाच चिकटवतो, ड च्या पोटाचा वाटोळा भाग असाच अर्धवट सोडतो. अक्षराची नक्कल करता येते, असं मी मनाशी म्हणालो, आणि कार्ड उलटं केलं.

कार्डाच्या पाठीमागं काय असतं ते खोलीत कुणाला ठाऊक नाही. मी पुस्तक वाचत जातो तसतशी कार्डं लिहितो आणि प्रत्येकाच्या मागं कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा टाकतो. नंतर अकारविल्हे लावली की कार्डांची उलथापालथ होते. पण कधी शंका आलीच तर आकडे बघून मला सगळी परत लिहिलेल्या क्रमानं लावता येतात. ही माझी जुनी खोड आहे. माणसं आपल्या मागं दाराची कडी ओढून बघतात ना, तशी. या कार्डाच्या मागं तीनशे अठरा होतं. मी खोका उचलून टेबलावर नेला आणि अख्खी दुपार सातशे कार्डं उलटी करून तीनशे सतरा आणि तीनशे एकोणीस शोधली. दोन्ही सापडली. दुसरं तीनशे अठरा नव्हतं. स्वल्पविराम बिचारा निर्दोष सुटला, आणि मला त्याचा राग आला. निर्दोष माणसं आपल्याला उघड्यावर टाकून जातात.

तीनशे सतरा होतं 'कुजबूज, रुग्णाच्या पाठीमागून, पृ. १४२'. तीनशे एकोणीस होतं 'लिहिणारा हात, पृ. १४३'. मी पान काढलं. डॉक्टरांचं पुस्तक माणसाचं मन दुभंगतं कसं, याबद्दल पूर्वीचे लोक काय काय समजत होते त्याचा इतिहास आहे. सुरुवातीला हातवारे करून माणसाला झोपवणारे लोक येतात. त्यांनी झोपवलेला एक अडाणी शेतकरी झोपेत मालकाशी बरोबरीनं, शुद्ध भाषेत बोलतो आणि जागा झाला की त्याला त्यातलं काही आठवत नाही. मग दोन दोन आयुष्यं जगणाऱ्या बाया येतात, एकीला दुसरीचा पत्ता नाही. आणि एकशे बेचाळीसाव्या पानावर एका इस्पितळातला तरुण डॉक्टर येतो. त्याची युक्ती अशी: रुग्ण बाईला कुणाशी तरी गप्पांत गुंतवायचं. ती रंगात येऊन बोलायला लागली की आपण हळूच तिच्या पाठीमागं जायचं, तिच्या हातात पेन्सिल द्यायची, आणि अगदी हलक्या आवाजात प्रश्न विचारायचा. बाई पुढच्याशी बोलतच राहते. तिला प्रश्न ऐकू आलेला नसतो, हात हलल्याचंही तिला कळत नाही. हात मात्र उत्तर लिहितो. मी ते पान तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना उजवा हात टेबलाखाली घेतला.

घरी आल्यावर मी बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, गेल्या बुधवारी, म्हणजे मी ही कार्डं लिहीत होतो त्या दुपारी, तू ऑफिसात फोन केला होतास का. "केला होता की. चारच्या सुमाराला. गच्चीत कपडे काढायला जातेय, पोरीला बरोबर घेऊन, हे सांगायला. का हो?" मग मी काय म्हणालो? "काय म्हणणार! कडी लाव, कडी लाव. खाली आल्यावर लाव, वर असताना लाव. घरात चोर शिरल्यासारखे कडी कडी करत असता." ती हसली आणि नातीच्या केसांतला गुंता काढायला लागली. नात तीन वर्षांची आहे. मुलगी नोकरीला जाते, सकाळी तिला आमच्याकडे टाकते. बायको अकरापर्यंत शिवणाच्या वर्गावर शिकवते. तेव्हा नऊ ते अकरा ही पोर माझ्या एकट्याच्या ताब्यात. हे दोन तास माझ्या दिवसातले सगळ्यात चांगले. ती मला काहीबाही विचारते, मी काहीबाही सांगतो, आणि दर दहा मिनिटांनी उठून दार बघून येतो. बायकोला हा माझा स्वभाव वाटतो. मुलीला वाटतं, बाबा काळजी घेतात. बाबा भरवशाचे. या शब्दावर मी बरीच वर्षं जगलोय.

आता गच्चीचं सांगायला हवं. आम्ही तिघं होतो. थोरली चौदा वर्षांची, मी दहा, आणि धाकटा तीन. एका दुपारी थोरलीनं गच्चीतले वाळलेले कपडे काढले आणि खाली आणले. मागं गच्चीचं दार उघडं राहिलं. अर्ध्या तासानं धाकटा आपल्या पायांनी वर गेला. पुढचं सांगण्यासारखं नाही. घरात कुणी सांगितलंही नाही. आई थोरलीला एक शब्द उलटा बोलली नाही, बाबांनी हात लावला नाही. फक्त त्यानंतर आईनं तिला कपडे काढायला कधी पाठवलं नाही. शेजारीण म्हणाली, पोरीच्या हातून झालं. मामा म्हणाले, तिच्या हातून झालं, पण तिचा काय दोष. हा 'पण' फार लवकर गळून पडला. माझ्या लग्नानंतर बायकोला कुणीतरी सांगितलं तेव्हा तेही याच शब्दांत: ताईंच्या हातून झालं ते. ताईनं लग्न केलं नाही. वजनमापं तपासायच्या कार्यालयात नोकरी केली, दुकानदुकान फिरून लोकांचे काटे तपासले, निवृत्त झाली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर एकटी राहते. माझी मुलगी झाली तेव्हा ती पाळण्यापासून चार हात लांब उभी राहून म्हणाली, "छान आहे." उचलून घे म्हटलं तर म्हणाली, "माझ्या हवाली मूल करत जाऊ नका." यंदा मुलीनं तिला विचारलं, आत्या, सकाळी दोन तास येशील का गं, बाबांनाही मोकळीक. ताईनं फोनवरच नाही म्हटलं, आणि तेही असं, की मुलगी रडली.

आणि मी? मी त्या वेळी कुठे होतो असं घरात कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणून हळूहळू मी कुठेच नव्हतो असं झालं. विसरलो होतो म्हणायची सोय नाही. डॉक्टरांच्या पुस्तकातल्या बायांना ती सोय होती, त्या खरोखर विसरत. माझं वेगळं होतं. आपल्याला आपल्या डोक्याची मागची बाजू असते हे माहीत असतं, पण ती कधी दिसत नाही, तसं. नोंद होती, पान दिलेलं नव्हतं. पुस्तकातला तो तरुण डॉक्टर म्हणतो की माणसाचं मन ही एक मूठ आहे. धक्का बसला, शक्ती कमी पडली, की सगळं त्या मुठीत मावत नाही, काही सांडतं, आणि सांडलेलं आपलं वेगळं बिऱ्हाड करून राहतं. पुढे दुसऱ्या शहरातला दुसरा डॉक्टर म्हणाला, सांडत वगैरे काही नाही, जे सोसवत नाही ते माणूस मुठीतून स्वतः टाकून देतो. एक म्हणतो हातून सुटलं, दुसरा म्हणतो हातानं सोडलं. दोघं या एका मुद्द्यावरून आयुष्यभर एकमेकांकडे संशयानं बघत राहिले. डॉक्टरांनी यावर चाळीस पानं खर्ची घातली आहेत, आणि मी त्या चाळीस पानांची अकरा कार्डं केली होती, अगदी थंड डोक्यानं, जिभेला पेन्सिल लावून.

शुक्रवारी दुरुस्त केलेलं प्रूफ द्यायला मी डॉक्टरांच्या घरी गेलो. खरं तर शिपाई गेला असता. त्यांनी दवाखाना बंद केल्याला बारा वर्षं झाली, पण तपासायची खोली तशीच आहे, नुसती पुस्तकांनी बुजलीय. "त्या खुर्चीत नको, ती पेशंटची," ते म्हणाले, आणि मी उठायला लागलो तसे म्हणाले, "बसा, बसा, तिच्यातच बसा." म्हातारा हसत होता. त्यानं प्रुफाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्या घराला गच्ची आहे?" "सगळ्यांच्या घराला असते." "कडीही सगळ्यांच्या घराला असते. सूचीत नसते." मी प्रूफ पुढे सरकवलं. मग त्यानं एक कोरी वही माझ्या मांडीवर ठेवली, हातात पेन्सिल दिली, आणि कागदाच्या दर्जाबद्दल, बांधणीबद्दल, आमच्या मालकाच्या कंजूषपणाबद्दल बडबडायला लागला. मधेच आवाज उतरवून म्हणाला, "कडी कुणी लावली नाही?" आणि लगेच पुन्हा, "तर मी म्हणत होतो, बांधणी..." मला हसू आलं. "डॉक्टर, याला दोन माणसं लागतात. एक बोलायला, एक कुजबुजायला. तुमच्याच पुस्तकात आहे." ते खट्टू झाले. "माझा कंपाउंडर असता ना आज." वहीवर मी तीन उभ्या रेघा मारल्या होत्या, आणि त्या मी मुद्दाम मारल्या होत्या. "फार सावध हात आहे तुमचा," ते म्हणाले.

मग मी विचारलं, ते खरं कशावरून? म्हणजे तो हात जे लिहितो ते. डॉक्टरांनी चष्मा काढला. तेव्हाच्याही लोकांनी हेच विचारलं होतं, ते म्हणाले. विरोधक म्हणायचे, ती दुसरी बाई आत कुठे बसलेली नव्हतीच. डॉक्टरनंच ती तयार केली. त्यानं हाताला प्रश्न विचारले म्हणून हात उत्तरं द्यायला लागला. एकदा त्यानं त्या हाताला नावच दिलं, आणि त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की नाव मिळाल्याबरोबर ती दुसरी जास्त ठळक झाली. "त्यात नवल काय? घरोघरी होतं. एखाद्या पोराला रोज वेंधळा म्हणा, महिन्याभरात भांडी फोडायला लागेल." मी नसलेल्या पायरीवर पाय ठेवल्यासारखा दचकलो, कारण मला ताईचा चेहरा दिसला, आणि तो चौदा वर्षांचा नव्हता. "आणि ती एका डोळ्यानं आंधळी झालेली मुलगी?" मी विचारलं. ती एकशे ऐंशीव्या पानावर येते. लहानपणी तिला एका मुलाशेजारी झोपवलं होतं, त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर फोड होते. तेव्हापासून तिचा त्या बाजूचा डोळा गेला. डॉक्टरनं तिला झोपवून पुन्हा त्या रात्रीत नेलं, आणि सांगितलं, नीट बघ, मुलाला काही झालेलं नाही, गोरा गोमटा आहे. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. डोळा उघडला. "पण ते खोटं होतं," मी म्हणालो. "डोळा खरा उघडला," डॉक्टर म्हणाले, आणि मी जिना उतरेपर्यंत माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जणू मी त्यांच्या पुढच्या पुस्तकातला कुणीतरी आहे.

दोन दिवस मी हिशेब मांडत होतो. ताईला सांगितलं तर तिचं काय जातं, माझं काय जातं. तिचं ओझं जातं. माझे नऊ ते अकरा जातात. मुलगी काही बोलणार नाही. आमच्या घरात कुणी बोलत नाही. एक दिवस फक्त म्हणेल, बाबा, पाळणाघर बघितलंय, तुम्हाला उगाच त्रास. बायको मी दार बघायला उठलो की हसायची थांबेल. आणि समजा मी सांगितलेलं खरंच नसेल? समजा हे पुस्तक वाचून वाचून माझ्या हातानं मला एक गच्ची करून दिली असेल? दर वेळी विचार इथवर आला की मला जरा बरं वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याचाच मला संशय यायचा.

रविवारी चार वाजता ताईकडे गेलो. तिनं दार साखळीएवढंच उघडलं. "काय रे? रविवारचा? कुणी गेलं का?" कुणी गेलेलं नाही म्हटल्यावर तिनं साखळी काढली. तिची खोली तिच्यासारखीच आहे, जिथल्या तिथं आणि कुणाला टेकायला जागा नाही. तिनं चहा केला, कप माझ्यापुढे सरकवला आणि उभी राहिली. "बोल." मी बोललो. त्या दुपारी मी वर होतो, पाण्याच्या टाकीमागं. तू कपडे घेऊन निघालीस. मला माहीत होतं की दार उघडं आहे. मी सगळ्यात शेवटी उतरलो. दार मी लावलं नाही. पाच वाक्यं झाली. सत्तेचाळीस वर्षांत ती एवढीशी झाली होती.

ताई बसली नाही. "मुलीनं पाठवलं का तुला?" ती म्हणाली. "कोणाच्या मुलीनं?" "तुझ्या. पोर सांभाळायला आत्या पाहिजे, आत्या ऐकत नाही, मग बाबानं एक गोष्ट रचून आणली. आता कुणी दोषी नाही, ये गं ताई, बस पोरीजवळ." "ताई, खरं सांगतोय." "मला नको सांगूस खरं. छत्तीस वर्षं काटे तपासलेत मी. ज्याचा काटा चोख असतो तो दुकानदार आपणहून वजनं पुढे करत नाही. तुला आजच का आठवलं?" मी म्हणालो, आठवलं नाही, होतंच. "होतंच! मग कुठे ठेवलं होतंस?" याचं उत्तर डॉक्टरांच्या पुस्तकात दोन प्रकारे दिलेलं आहे.

मग ती सांगायला लागली, भिंतीकडे बघत, पाठ केलेलं म्हणावं तसं. दोन्ही हातांवर कपडे. वरून चादर, ती घसरत होती, हनुवटीनं धरलेली. कडी गंजलेली, दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय सरकायची नाही. उन्हानं लोखंड तापलेलं. "आणि मी म्हटलं, नंतर. हे 'नंतर' मला आजही ऐकू येतं. माझ्याच आवाजात. आणि तू चहा पीत पीत मला सांगतोस की ते तुझं आहे? माझ्या हातून झालंय ते. मी त्याच्यापायी कुणाच्या पोराला हात लावला नाही. तू कोण ते घेऊन जाणारा?" तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्यानं आपलं घर आपल्या देखत दुसऱ्याच्या नावावर लिहून घ्यावं तशी ती माझ्याकडे बघत होती. मी घाबरलो. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर मारेल. ती सोडत नव्हती.

"तू 'नंतर' म्हणाली नाहीस," मी म्हणालो. "तू म्हणालीस, कडी लाव रे, माझे हात भरलेत. मी टाकीमागून हो म्हणालो."

"तिथं कुणी नव्हतं."

"मी होतो."

"टाकीमागं काय करत होतास?"

"कागद जाळत होतो. बाबांचं भिंग घेऊन."

बाबा घड्याळजी होते. डोळ्याला लावायचं त्यांचं भिंग त्या आठवड्यात हरवलं होतं. ताई खाली बसली, पलंगाच्या कडेवर, जिथं ती कधी बसत नाही. "भिंग तू घेतलं होतंस," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. "त्या भिंगासाठी बाबांनी मला विचारलं होतं. दप्तर उलटं केलं माझं. मी नाही म्हटलं तर थोबाडीत दिली, खोटं बोलतेस म्हणून. तू तिथं दारात उभा होतास." "होतो." "बघत होतास." "हो." "मेल्या," ताई म्हणाली, "एक शब्द बोलला नाहीस." तिनं पलंगावरच्या चादरीची सुरकुती ओढून सरळ केली. "ते भिंग त्यांनी माझ्यावर घातलं ते कायमचं. मरेपर्यंत मला म्हणायचे, तू उचलल्याशिवाय जातंय कुठे. आणि मी... मला वाटायला लागलं होतं, की असेल, मीच कुठेतरी टाकलं असेल." भिंगावर ती जवळजवळ अर्धा तास बोलली. शाळेचं ते दप्तर, थोबाडीत बसल्यावर कानात आलेला आवाज, मी तेव्हा घातलेली खाकी चड्डी, सगळं. कडीबद्दल तिनं पुन्हा एकही शब्द काढला नाही. मला कळत होतं की ती एवढ्याशा दारातून आत शिरतेय, कारण मोठ्या दारातून शिरायची तिची छाती नाही. मधे एकदा तिनं ओठ हलवले, आवाज न करता. माझे हात भरलेत, असं असावं. किंवा नसेल, मी आता कुणाच्या ओठांवर काय आहे हे खात्रीनं सांगणारा माणूस उरलो नव्हतो.

"नीघ आता," ती शेवटी म्हणाली. मी दाराशी गेलो तशी म्हणाली, "आणि हो म्हणालास ना? टाकीमागून? नक्की?" मी म्हणालो, नक्की. बाहेर आल्यावर मला वाटलं, नक्की म्हणालो त्या आवाजात मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी म्हणालो आहे.

संध्याकाळी सातच्या सुमाराला घरचा फोन वाजला. बायकोनं घेतला. मी आत नातीची खेळणी गोळा करत होतो. ती घरी गेली होती, पण तिच्या लाकडी ठोकळ्यांना अजून घरी जायचं नव्हतं. "हो ताई," "अहो खरंच?" "हो ताई," एवढंच ऐकू येत होतं. बायको आत आली तेव्हा तिचं तोंड अर्धं हसत होतं. "ताई उद्यापासून यायच्या म्हणतात. नऊ वाजता. रोज. मी म्हटलं, अहो एवढ्या लांबून कशाला, हे असतातच की. तर म्हणाल्या..." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि हसण्याची उरलेली बाजूही विझली. "म्हणाल्या, तो असतो म्हणूनच येतेय. त्याच्या एकट्याच्या भरवशावर पोरीला ठेवत जाऊ नका." ती वाट बघत राहिली. मी या वाक्याची चेष्टा करू शकलो असतो. ताईचा स्वभावच तसा, वय झालं, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. "बरोबर सांगितलं तिनं," मी म्हणालो. बायकोनं माझ्या हातातला ठोकळ्यांचा डबा घेतला. का, असं तिनं विचारलं नाही. ती आमच्या घरात आली त्याला एकतीस वर्षं झाली.

सोमवारी ताई पावणेनऊलाच आली. हातात पिशवी, पायांत ती तपासणीला घालून जायची ते काळे बूट. तिनं आधी घरभर फिरून खिडक्या बघितल्या, गॅसचं बटण बघितलं, न्हाणीघरातली बादली पालथी घातली. मग मुलगी नातीला घेऊन आली. पोर नेहमीसारखी माझ्याकडे झेपावली, मी हात पुढे केले, आणि मधे ताई आली. तिनं दोन्ही हात पुढे केले. मूल कसं घ्यायचं तेच तिला येत नव्हतं. एखादं जड, भरलेलं भांडं घ्यावं तसं तिनं पोरीला काखांतून धरून उचललं, छातीशी घट्ट दाबलं, आणि पोर चक्क गप्प राहिली. मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मग आईकडे. "तू बाहेर बस," ताई मला म्हणाली.

मी बाहेर बसलो. बायको वर्गाला गेली, जाताना तिनं आतल्या खोलीच्या दाराशी उभं राहून, "ताई, आहात ना?" असं विचारलं. आतून ताईचा आवाज येत होता, राठ, तुटक, मुलांशी कधी न बोललेला. ती नातीला सांगत होती की वजन दोन्हीकडे सारखं असलं की काटा मधे उभा राहतो, आणि नात विचारत होती, का? ताई पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. मग नात म्हणाली, आजोबा का नाही आत आले? मी खुर्चीत पुढे सरकलो.

"आजोबांना काम आहे," ताई म्हणाली.

साडेनऊ झाले होते. मला अकरापर्यंत काही काम नव्हतं.